गुलाबी दिवा, सावलीतलं गवत आणि फोटॉनचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण १० चौरस मीटर हिरवळ आहे. तिच्या एका बाजूला भिंतीची सावली आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या झाडाची. गवत हरळीचं, विरळ झालंय, आणि जे उरलंय ते लांबट, लेचंपेचं वाढतंय. विक्रेत्याने १०० वॅटचा लाल-निळा, म्हणजे गुलाबी दिसणारा एलईडी दिवा सुचवलाय. त्याचं म्हणणं, हरितद्रव्य फक्त लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा वाया जातो. तुम्हाला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत: हे खरं का, एलईडीच्या स्फटिकातून नेमका ठरावीक रंग कसा निघतो, आणि या दिव्याने गवत सुधारेल का.

मी सुरुवातीची बरीच वर्षं अर्धवाहक (सेमीकंडक्टर) स्फटिकांचे वर्णपट मोजण्यात घालवली आणि नंतर कृत्रिम प्रकाशाखाली हिरवळ राखण्याच्या कामात आले. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा वाटतो. आधी सरळ उत्तर देते: हा दिवा पुरणार नाही. रंगाबद्दल तुम्हाला जे सांगितलं ते अर्धवट आहे. गवताला रोज, दर चौरस मीटरला किती फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे सुटे कण, मिळतात यावर सगळं ठरतं, आणि रंगाचा विचार त्यानंतर येतो. असं का म्हणते ते समजायला स्फटिकाच्या आत थोडं डोकवावं लागेल.

एकट्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जेच्या पायऱ्यांवरच राहता येतं. असे असंख्य अणू एका ओळीत, सारख्या अंतरावर रचले की त्या पायऱ्या एकमेकींवर परिणाम करतात, पसरतात आणि त्यांचे रुंद पट्टे होतात. स्फटिकाच्या नियमित रचनेत इलेक्ट्रॉनची लहर कशी पसरते याचं गणित फेलिक्स ब्लॉख यांनी १९२८ मध्ये मांडलं, आणि आजही आम्ही त्याच पायावर काम करतो. अर्धवाहकात इलेक्ट्रॉनांनी भरलेला पट्टा आणि त्यावरचा जवळपास रिकामा पट्टा यांच्यामध्ये एक अंतर असतं. प्रयोगशाळेत सगळे त्याला बँड गॅपच म्हणतात. वरच्या पट्ट्यातला इलेक्ट्रॉन खालच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागेत उतरला की अंतराएवढी ऊर्जा प्रकाश होऊन बाहेर पडते. रंग काढायचा असेल तर १२४० ला त्या अंतराने, इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेच्या छोट्या मापात, भागायचं. उत्तर येतं ती त्या रंगाची तरंगलांबी, नॅनोमीटरमध्ये.

गॅलियम नायट्राइडचं अंतर ३.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे ३६५ नॅनोमीटर, डोळ्याला न दिसणारा अतिनील. त्यात थोडं इंडियम मिसळलं की अंतर २.७६ पर्यंत उतरतं आणि ४५० नॅनोमीटरचा निळा मिळतो. तुमच्या दिव्यातला ६६० नॅनोमीटरचा लाल ॲल्युमिनियम, गॅलियम, इंडियम आणि फॉस्फरस यांच्या स्फटिकातून येतो, तिथे अंतर १.८८ असतं. दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये बनवला. निळ्यासाठी मात्र आणखी तीन दशकं गेली, कारण गॅलियम नायट्राइडचा चांगला स्फटिक वाढवणं आणि त्यात धन प्रकारची भेसळ, म्हणजे इलेक्ट्रॉनांसाठी रिकाम्या जागा तयार करणारे थोडे परके अणू, टिकवणं अतिशय अवघड होतं. ते साधल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं सांगितलं ती. स्फटिकातला इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात कितीही उंच फेकला, तरी तो तिथे थांबत नाही. सेकंदाच्या एक लाख-कोटीव्या भागाच्या आसपास तो जास्तीची ऊर्जा अणूंच्या थरथरीला देऊन टाकतो, पट्ट्याच्या तळाशी येतो, आणि मग तिथून, त्या मानाने बऱ्याच निवांतपणे, खाली उतरतो. लाल प्रकाश देणाऱ्या स्फटिकावर मी निळा लेझर मारला, जांभळा मारला, अतिनील मारला, तरी बाहेर दरवेळी तोच लाल यायचा. जास्तीची ऊर्जा उष्णता होऊन गेलेली असायची. वर्षानुवर्षं हेच आलेख पाहिल्यामुळे पुढे पानाकडे वळल्यावर मला लगेच ओळख पटली.

कारण हरितद्रव्यातही हेच घडतं. हरितद्रव्य हा रेणू आहे, स्फटिक नाही, त्यामुळे त्यात रुंद पट्टे नसून मोजक्या अवस्था आहेत. निळा फोटॉन शोषला की इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत जातो आणि क्षणार्धात खालच्या उत्तेजित अवस्थेत घसरतो. लाल फोटॉन त्याला थेट त्याच खालच्या अवस्थेत नेऊन ठेवतो. प्रकाशसंश्लेषणाची पुढची सगळी साखळी या खालच्या अवस्थेपासून सुरू होते. हे घरी बघता येतं: गडद हिरवी पानं थोड्या स्पिरिटमध्ये कुटा, गाळा, आणि त्या हिरव्या द्रवावर अंधारात निळ्या प्रकाशाची टॉर्च धरा. द्रव गडद लाल चमकेल. आत गेला निळा, बाहेर आला लाल, मधली ऊर्जा उष्णतेत गेली. स्पिरिट आगीजवळ नेऊ नका, एवढंच सांभाळा.

म्हणजे गवतासाठी एक निळा फोटॉन आणि एक लाल फोटॉन यांची मजुरी सारखीच. म्हणून वनस्पतींचा प्रकाश वॅटमध्ये किंवा ल्युक्समध्ये (माणसाच्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाच्या मापात) न मोजता फोटॉनच्या संख्येत मोजतात, ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या दरम्यानच्या. संख्या प्रचंड असते म्हणून मोल हे माप वापरतात, म्हणजे साधारण ६ वर तेवीस शून्यं इतके फोटॉन. मायक्रोमोल म्हणजे मोलचा दहा लाखावा भाग. एका ज्यूल ऊर्जेत लाल ६६० चे ५.५ मायक्रोमोल फोटॉन बसतात, निळ्या ४५० चे फक्त ३.८. वाढीच्या दिव्यांत लाल एलईडीचा भरणा असतो त्याचं मोठं कारण हे: तेवढ्याच विजेत लाल फोटॉन जास्त निघतात. निळा त्यात घालतात तो झाडाचं अंग आखूड आणि घट्ट राहावं म्हणून. निव्वळ लाल प्रकाशात बरीच झाडं ताणल्यासारखी वाढतात.

मग हिरव्याचं काय? हरितद्रव्याचा जो आलेख विक्रेते दाखवतात, लाल आणि निळ्यात दोन शिखरं आणि मध्ये दरी, तो द्रावणात मोजलेला असतो, पानात नाही. पानाच्या आत प्रकाश पेशींवर आपटत इकडून तिकडे फिरतो, त्यामुळे हिरव्या फोटॉनला शोषलं जाण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळते. परिणामी पडलेल्या हिरव्या प्रकाशातला निम्म्यापासून नव्वद टक्क्यांपर्यंतचा भाग पानं शोषतात, पानाच्या जातीनुसार आणि जाडीनुसार. कीथ मॅक्री यांनी १९७२ मध्ये २२ पिकांच्या पानांवर रंगागणिक प्रकाशसंश्लेषण मोजून प्रसिद्ध केलं. त्या आलेखात हिरव्यात दरी नाही, फार तर उतार आहे. शिवाय दाट हिरवळीत वरच्या पानातून निसटलेला हिरवा खालच्या पानाला मिळतो. पान हिरवं दिसतं ते लाल-निळ्याच्या मानाने हिरवा थोडा जास्त परततो म्हणून, सगळा परततो म्हणून नव्हे.

याच कारणाने घरगुती हिरवळीला दिवा लावायचाच झाला तर मी पांढरा सुचवते. पांढरा एलईडी म्हणजे निळाच स्फटिक, त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप. फोटॉन थोडे कमी मिळतील, पण गुलाबी उजेडात पानांवरचे बुरशीचे डाग, पिवळेपणा, सुरुवातीची मर हे काही म्हणता काही दिसत नाही. माझ्या देखरेखीखालच्या एका पट्ट्यात गुलाबी दिव्यांखाली बुरशी चांगली पसरेपर्यंत आमच्या लक्षात आली नव्हती. सकाळी दिवे बंद असताना फेरी मारायचा नियम त्यानंतर केला.

आता तुमच्या हिरवळीचा हिशेब. भर उन्हात, दुपारी, दर चौरस मीटरवर सेकंदाला सुमारे २,००० मायक्रोमोल फोटॉन पडतात. निरभ्र उन्हाळी दिवसाची बेरीज ४० ते ६० मोलच्या आसपास जाते. हरळी उन्हात वाढणारं गवत आहे. तिला आखूड कापून दाट ठेवायची तर दिवसाला ३० मोलच्या आसपास लागतात. उंच ठेवली तर कमीत भागतं, आणि सावली सोसणाऱ्या जातींचं तर निम्म्यात किंवा त्याहूनही कमीत. नेमका आकडा जात, कापायची उंची, तापमान आणि वावर यांवर अवलंबून आहे. म्हणून जो कोणी एकच आकडा छातीठोकपणे सांगेल त्याला आधी या चार गोष्टी विचारा.

धरू की तुमच्या जागेत दर चौरस मीटरला रोज १० मोलची तूट आहे. चांगला एलईडी दिवा एका ज्यूल विजेत २.५ मायक्रोमोल किंवा थोडे अधिक फोटॉन देतो. १०० वॅटचा दिवा सेकंदाला १०० ज्यूल वीज घेतो, म्हणजे सेकंदाला २५० मायक्रोमोल. तो १० तास चालवला तर ९ मोल. हे ९ मोल १० चौरस मीटरवर पसरले की दर चौरस मीटरला रोज ०.९ मोल. हवे आहेत १०. तूट भरून काढायला सुमारे १,१०० वॅटचे दिवे १० तास रोज चालवावे लागतील, म्हणजे दिवसाला ११ युनिट वीज, आणि तेही एकही फोटॉन भिंतीवर किंवा कडेच्या वाटेवर वाया न घालवता. खोक्यावर ‘१,००० वॅटच्या बरोबरीचा’ असं लिहिलेलं असेल तर त्याकडे दुर्लक्ष करा. प्रत्यक्ष वीज किती खातो आणि सेकंदाला किती मायक्रोमोल देतो हे दोनच आकडे मागा. दुसरा आकडा मिळत नसेल तर तो दिवा घेऊ नका.

आणखी एक गोष्ट स्फटिकाच्या बाजूने. तापमान वाढलं की अर्धवाहकातलं ते ऊर्जेचं अंतर किंचित आकसतं आणि रंग थोडा लालकडे सरकतो. गवताला त्या सरकण्याने फरक पडत नाही, पण गरम एलईडी प्रकाशही कमी देतो, आणि लाल स्फटिक याबाबतीत निळ्यापेक्षा जास्त हळवा असतो. दिव्याच्या पाठीवरच्या धातूच्या पट्ट्या धुळीने भरू देऊ नका.

या सगळ्यापेक्षाही तुमच्या प्रश्नातला मला महत्त्वाचा वाटलेला तपशील वेगळाच आहे: दोन बाजूंना दोन प्रकारच्या सावल्या. गवताला या दोन सावल्या अगदी वेगळ्या भासतात. भिंत प्रकाश अडवते, रंग निवडत नाही. तिच्या सावलीत आकाशाचा विखुरलेला, निळसर प्रकाश येतच असतो. झाडाचं तसं नाही. त्याची पानं लाल आधीच खाऊन टाकतात आणि ७०० नॅनोमीटरच्या पुढचा अतिलाल, जो हरितद्रव्याच्या कामाचा नाही, तो बराचसा खाली सोडून देतात. गवतात फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते लाल आणि अतिलाल यांचं प्रमाण पाहतं. उघड्या उन्हात हे प्रमाण एकाहून थोडं जास्त असतं, दाट झाडाखाली ते एकाच्या बरंच खाली जातं. गवताला त्यातून कळतं की डोक्यावर कोणीतरी आहे. मग ते फुटवे धरणं कमी करतं आणि असेल नसेल ती शिल्लक पातं लांबवण्यात घालवतं. तुमचं लांबट, लेचंपेचं गवत झाडाच्या बाजूला जास्त असेल, असा माझा अंदाज आहे. एकदा बघा.

इथे लाल दिव्याच्या बाजूने एक प्रामाणिक मुद्दा मांडायलाच हवा. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात नैसर्गिक कुरणातल्या गवताच्या बुडाशी थोडासा लाल प्रकाश दिला आणि फुटवे वाढलेले आढळले. म्हणजे कमी लाल प्रकाशानेही गवताचं ‘डोक्यावर कोणीतरी आहे’ हे मत बदलू शकतं. पण नवे फुटवे पोसायलाही फोटॉनच लागतात. शिल्लक रिकामी असताना फुटवे वाढवले तर ते टिकत नाहीत, आणि झाडाखाली तुमची शिल्लकच कमी आहे. त्यामुळे झाडाच्या बाजूला पहिला उपाय म्हणजे खालच्या फांद्या काढून आणि मधला भाग विरळ करून खरं ऊन आत आणणं. त्याने फोटॉनही वाढतात आणि लाल-अतिलालचं प्रमाणही सुधारतं. हे दोन्ही कुठलाही दिवा एवढ्या स्वस्तात करू शकत नाही.

बाकी बदल लगेच करता येतील. गवत नेहमीपेक्षा उंच ठेवा, कारण पातं हाच त्याचा प्रकाश गोळा करायचा पृष्ठभाग आहे, आणि सावलीत तो कापून टाकणं म्हणजे उत्पन्न कमी असताना दुकानही लहान करणं. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. गवत पिवळं दिसलं म्हणून नत्र ओतू नका. नत्राने पातं वाढतं, त्यासाठी साठवलेली साखर खर्च होते, आणि ती भरून काढायला प्रकाश नसतो. मी पाहिलेल्या सावलीतल्या हिरवळी प्रकाशाच्या तुटीने जेवढ्या गेल्या, त्याहून जास्त या मायेने दिलेल्या खताने गेल्या. पाणी सकाळी द्या, म्हणजे पानं दिवसा सुकतील. सावलीत ओल रेंगाळते आणि बुरशीला तेवढंच हवं असतं. झाडाच्या बाजूला मात्र मुळं पाणी ओढून घेतात, तिथे माती बोटाने तपासूनच ठरवा.

हवा थंड असेल तर आणखी एक अट. हरळी उष्ण हवेचं गवत आहे. गारठ्यात तिची वाढ जवळजवळ थांबते, तेव्हा दिलेला प्रकाश वाया जातो. मोठ्या मैदानांवर उच्च दाबाच्या सोडियम दिव्यांच्या, चाकं लावलेल्या चौकटी फिरवायचे, त्यात त्यांची उष्णताही उपयोगी पडायची. एलईडी खालच्या गवताला तेवढी ऊब देत नाही, हे तिथे एलईडी आणताना आम्हाला नव्याने लक्षात घ्यावं लागलं.

तर आत्ता दिवा घेऊ नका, आधी मोजा. फोटॉन मोजणारं यंत्र उसनं मिळालं तर उत्तम. नसेल तर फोनमधला ल्युक्स मोजणारा ॲपही चालेल. सूर्यप्रकाशात ल्युक्सला ५४ ने भागलं की जवळपास मायक्रोमोल मिळतात. तीन निरभ्र दिवस, उजाडल्यापासून मावळेपर्यंत दर तासाला, तीन ठिकाणी नोंद करा: भिंतीजवळ, झाडाखाली आणि मध्ये. फोन जमिनीला समांतर, गवताच्या टोकाच्या उंचीवर, आणि तुमची स्वतःची सावली त्यावर पडू न देता. एका जागेच्या दिवसभरातल्या ल्युक्सच्या सगळ्या आकड्यांची (५४ ने न भागता) बेरीज करून तिला १५,००० ने भागा. आलं ते त्या जागेचं दिवसाचं उत्पन्न, मोलमध्ये.

ही युक्ती गुलाबी दिव्याखाली अजिबात वापरू नका. ल्युक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतो, त्यात हिरव्याला वजन जास्त आणि गडद लालला फार कमी. सुरुवातीला मी स्वतः लाल दिव्यांखाली ल्युक्सचा आकडा कमी दिसतो म्हणून दिवे खाली उतरवत गेले आणि गवताची टोकं पांढरी पडली. प्रकाश कमी नव्हता, माझं माप चुकीचं होतं. याच कारणाने झाडाखालचा तुमचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा जास्त येईल, कारण तिथे गाळून येणाऱ्या प्रकाशात हिरव्याचा वाटा मोठा असतो. तो थोडा कमी धरून चाला.

भिंतीजवळ १५ च्या पुढे आकडा आला तर हरळी उंच ठेवून तग धरेल असं मला वाटतं. ८ ते १५ च्या दरम्यान आला तर सावली सोसणारी गवताची जात लावा, आणि दिवा फक्त एखाद्या अडचणीच्या कोपऱ्यापुरता, एक-दोन चौरस मीटरसाठी ठेवा, तिथे १०० ते २०० वॅट खरोखर कामाला येतात. फांद्या काढल्यानंतरही ५ च्या खाली राहिला तर त्या भागात गवताचा आग्रह सोडून सावलीत पसरणारी दुसरी झाडं लावा. हे आकडे माझ्या कामातून आलेले आहेत, तुमच्या जागी एखाद-दुसऱ्या मोलने इकडेतिकडे होतील. फांद्या आधी काढा आणि मोजणी त्यानंतर करा, नाहीतर तीन दिवसांची मेहनत पुन्हा करावी लागेल.